चिंचेच्या फटीत काय भरायचं?

लाकूड कातणाऱ्या माणसाच्या खिशात भुसा कुठून येतो, हे त्याच्या बायकोलाही कळत नाही. शर्ट झटका, धुवा, भुसा पुन्हा आहेच! नगरच्या सावेडीतल्या आमच्या गॅरेजच्या किश्श्यांचं तसंच आहे. सगळे सांगून झाले म्हणावं, तर कुठल्यातरी खिशात अजून मूठभर निघतात.

मी दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा कोरून भरतो आणि संध्याकाळी घरच्या गॅरेजमध्ये लेथवर लाकडाचे वाडगे कातून त्यांच्या भेगा भरतो. 'फटींशिवाय दुसरं काही दिसतं का तुम्हाला?' असं बायको विचारते. या उद्योगात माझे दोन भागीदार. एक, शेजारच्या कुलकर्णी मॅडम, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. दुसरे बापू, राहुरीकडचे शेतकरी. आधी माझे पेशंट होते, आता गॅरेजचे मालक असल्यासारखे वागतात.

बापू पहिल्यांदा गॅरेजमध्ये आले ते चिंचेचा ओंडका घेऊन. त्यांच्या वस्तीवरची जुनी चिंच गोठ्यावर कलली होती. वडील, म्हणजे तात्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला लेकीकडे आले होते. तेवढ्यात बापूंनी झाड तोडून घेतलं. तात्या नवी नजर घेऊन घरी गेले आणि बघतात तर चिंचच नाही!

तेव्हापासून त्यांचं बापूंशी बोलणं बंद. काही सांगायचं झालं तर गाईला सांगतात. "कपिले, त्याला म्हणावं मोटार बंद कर." बापू मुकाट जाऊन मोटार बंद करतात.

"डाक्टर, ह्या लाकडाचं काहीतरी असं करा, की म्हातारा माझ्याशी बोलंल," बापू म्हणाले. मला त्यांची फार दया आली. पण ओंडका पाहिला, तर मधोमध ही लांब भेग!

* * *

भेग म्हटल्यावर मॅडमना उत्साह आला. त्यांनी रेझिन आणलं. दोन बाटल्यांतली दोन औषधं एकत्र ढवळली की काही तासांत काचेसारखी घट्ट होतात. भेगेत रंगीत दाणे भरायचे, वरून रेझिन ओतायचं आणि वाळलं की पुन्हा कातायचं.

"थोडं थोडंच कालवा हं," असं सांगून मॅडम चहाला गेल्या. बापूंनी दोन्ही बाटल्या डब्यात रिकाम्या केल्या. का, तर "फवारणीचं औषध येकदाच कालवायचं आसतं!"

एवढं रेझिन एकत्र आलं की आपल्याच उष्णतेनं तापतं. डब्यातून धूर निघाला, डबा मऊ पडला, बापू तो घेऊन बाहेर धावले आणि माझ्या बायकोच्या हिरवळीवर ठेवून आले. तिथे अजून गवत उगवत नाही. बायको पाहुण्यांना तो गोल दाखवते आणि म्हणते, "ह्यांचा छंद!"

* * *

मग 'भेगेत काय काय भरता येईल' याचं वेडच लागलं. निळे खडे झाले, फुटक्या बांगड्या झाल्या, अंड्याची टरफलं झाली, चावीवाल्याकडचा पितळेचा कीस झाला. कॉफी झकास दिसते. हळद आधी सोन्यासारखी दिसते आणि उन्हात ठेवली की फिकी पडते. ऐन दिवाळीत आमच्या घरातली रांगोळी गायब झाली, तेव्हा बायको थेट गॅरेजमध्येच आली.

मॅडमचा तर कळस! त्यांच्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आणि मॅडम हातातल्या अक्षतांकडे टक लावून उभ्या. मी खुणेनं विचारलं, काय झालं? तर म्हणतात, "कुंकवाचा रंग रेझिनमध्ये उतरेल का हो?"

* * *

बापूंनी एका कडुनिंबाच्या वाडग्यात जाडी साखर भरली. कारखान्याच्या भागातला माणूस, दुसरं काय सुचणार! पण कातल्यावर अशी चमकली की मॅडमनी तो वाडगा हट्टानं घरी नेला.

चार दिवसांनी परत आणला. मुंग्यांनी उघडी पडलेली साखर वेचून नेली होती आणि मागे बारीक बारीक खळगे ठेवले होते. मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "डॉक्टर, दाढ अशी कोरायची असते!"

* * *

इकडे तात्या काही बधेनात. बापूंनी निळ्या खड्यांचा वाडगा नेला, तो त्यांनी पाहिलाही नाही. पितळेचा नेला, तर म्हणाले, "कपिले, त्याला म्हणावं ही दुकानातली वस्तू हाय, आपली न्हाई."

चिंचेचा आता शेवटचा तुकडा उरला होता. बापू तो हातात फिरवत बसले. मॅडमनी विचारलं, "त्या झाडाखाली काय असायचं?"

"काय आसनार म्याडम? सावली. आन् चिंचुके."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी बापू घरातला चिंचोक्यांचा डबाच घेऊन आले. त्याच झाडाचे! फोडून भेगेत बसवले, रेझिन ओतलं, कातलं. बाहेर तपकिरी कड आणि आत दुधाळ पांढरं. इतका देखणा वाडगा आमच्या हातून पुन्हा झाला नाही.

द्यायला आम्ही तिघंही वस्तीवर गेलो. तात्या गोठ्यापाशी बाजेवर बसले होते. वाडगा त्यांनी उन्हात धरला, फिरवला, चिंचोक्यांवरून नख फिरवलं. बापू खाली मान घालून उभे होते.

मग तात्यांनी मान वर केली. गाईकडे नाही, सरळ बापूंकडे पाहिलं.

"येवढं बी काचंत कोंडून ठिवलंस. येक तरी पेरायचं हुतंस!"

बापूंनी खिशात हात घातला. भुशाबरोबर तीन-चार अख्खे चिंचोके निघाले. ते त्यांनी तात्यांपुढे धरले.

तात्यांनी एक उचलला, काठी घेतली आणि उठले.

"चल. ह्या खेपंला गोठ्यापासून लांब."