सतराचा भाग

“उलटा! अख्खा आकडा उलटा कोरलाय, गाढवांनो!” काका असे कडाडले की ब्रह्मा घाटावरची कबुतरं उडाली ती थेट रामनगरला जाऊन बसली. घराण्यात माझा आवाज सगळ्यात मोठा, म्हणून मीही लगेच ओरडायला लागलो; कशाबद्दल, ते नंतर कळलं.

संगमरवराची पाटी ओसरीवर टेकवलेली होती. उद्या काकूचं वर्षश्राद्ध, त्याआधी ती दारावर बसवायची. दूधविनायकाच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांकडून काकूने सतराचा पाढा घोकून घेतलेला. त्यात अडखळणाऱ्याला तिच्या हातचा लाडू सात जन्म मिळत नसे. म्हणून काकांनी तिच्यासाठी संस्कृत श्लोक रचला आणि त्यात एक अवाढव्य आकडा गुंफला. सतराने भागा, उत्तराला पुन्हा सतराने भागा, बाकी काही उरत नाही. अंक शब्दांत घातलेले: चंद्र म्हणजे एक, नेत्र दोन, अग्नी तीन, असं करत थेट नऊ ग्रहांपर्यंत.

“लोकांना कळावं म्हणून मीच खाली अंकांत कोरून घेतलं,” पुण्याचे जावईबापू म्हणाले. “तुमच्याच क्रमाने, बाबा. एक, दोन, तीन, चार...”

“अहो, श्लोकातला पहिला शब्द एकं स्थानी बसतो! चंद्र उजव्या टोकाला, मग डावीकडे सरकायचं. ग्रह सगळ्यात पुढे!”

“पण फरक काय पडतो? बेरीज पंचेचाळीसच. नऊने दोन्हीकडून भाग जातो.”

इथे माझं टाळकंच सटकलं.

“नऊचं काय सांगता, जावईबापू! अंक पत्त्यांसारखे पिसा, नऊ कुठेही घुसतो, फुकट्या पाहुण्यासारखा. सतराचं तसं नाही. त्याला ज्याची जागा त्यालाच लागते!”

त्यांचाच मोबाईल हिसकावून मी आधी काकांचा आकडा घातला: अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. सतराने भागला, पुन्हा भागला. दोन्हीदा लख्ख, बाकी शून्य. मग पाटीवरचा, बारा कोटींचा.

“एक! एक उरतोय बघा!” मी असा गरजलो की गंगेतल्या नावा वल्ह्याशिवाय पुढे सरकल्या. “काकूच्या पाटीवर बाकी! तुमचं इंजिनिअरिंग काय चुलीत घालायचं?”

जावईबापूंनी मोबाईल परत घेऊन स्वतः भागून पाहिलं. पाटी घेऊन आलेला पाथरवट मात्र माझ्यावरच तडकला. “चिल्लाइए मत, बाबूजी! जो लिखकर दिए, वही काटे हैं। दूसरा पत्थर कल तक नहीं होगा।”

“मग छिन्नी दे इकडे! हा आकडा मी आत्ता उडवतो. बोला काका, उडवू?”

काकांनी पाटीवरच्या आकड्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “एक उरलाय, ते बरोबर आहे.”