गोमूने हाक मारली होती

रोज सकाळी साडेसहाला गोमूचा फोन यायचा. त्या दिवशी आला नाही. सात वाजले, साडेसात वाजले... मी समजायचं ते समजले आणि भेंडी चिरायला घेतली. आठच्या सुमारास फोन वाजला, पण तो तिच्या सुनेचा, सुलभाचा. "मावशी, आई गेली. पहाटे, झोपेतच." मी विचारलं, "पाणी चढतं होतं की उतरतं?"  सुलभाला वाटलं असेल, म्हातारीला धक्का बसला. धक्का वगैरे काही नव्हता. वय झालं होतं दोघींचं. पण गोमूला कोणाचीही खबर कळली की ती आधी हाच प्रश्न विचारायची, म्हणून माझ्या तोंडून तो निघाला. मग मी भेंडी फोडणीला टाकली, मुलाचा डबा भरला, आणि डबा घेऊन तो कामावर गेल्यावर खुर्चीत बसले. अँटॉप हिलच्या आमच्या सरकारी वसाहतीतून समुद्र दिसत नाही. समोरची इमारत दिसते. तिच्याकडे बघत दुपारपर्यंत बसले होते.

गोमू वरळीच्या कोळीवाड्यातली. आम्ही डिलाईल रोडला चाळीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. आमचे मालक गिरणीत साचेखात्यात होते. गोमू डोक्यावर टोपली घेऊन चाळीत मासे विकायला यायची. पहिल्याच दिवशी मी तिच्या पापलेटाचे कल्ले उघडून बघितले आणि म्हटलं, "शिळं आहे." ती म्हणाली, "शिळी तू. ह्यो सकाली पान्यात व्हता." मी म्हटलं, "मी मालवणची आहे, मला मासा शिकवू नकोस." ती कमरेवर हात ठेवून हसली. "मालवनची काय? मग दर्यावर जा आनि धरून आन." तेव्हापासून तिने मला नावाने हाक मारली नाही. मी तिची 'मालवनी'. आमची मैत्री अशी भांडणावर सुरू झाली आणि बरीचशी भांडणावरच चालली. गोड बोलणं दोघींनाही जमत नव्हतं.

गिरण्यांचा संप झाला आणि चाळीत मासा विकत घेणारं कोणी उरलं नाही. तरी गोमू यायची. रिकामी टोपली खाली ठेवून जिन्यावर बसायची. एक दिवस तिने चाळीतल्या आम्हा सात-आठ बायकांना विचारलं, "कालवं खाता न? मग बसल्यात काय? दर्यानं काय संप केलाय?" आणि ती आम्हाला वरळीच्या खडपावर घेऊन गेली. खडप म्हणजे किनाऱ्याचा खडकाळ पट्टा. पाणी उतरलं की उघडा पडतो, आणि त्या खडकांना कालवं चिकटलेली असतात. टोकदार सळीने शिंपला फोडायचा, आतला गर डब्यात. हाताला शंभर जखमा होतात. पण संपाच्या त्या दिवसांत आमच्या मुलांच्या पोटात जे काही चांगलंचुंगलं गेलं, ते त्या खडपावरचं. हे मी उगाच मोठं करून सांगत नाही. तसंच होतं ते.

गोमू रोज उजाडताना किनाऱ्यावर उभी राहून पाणी बघायची आणि मग डिलाईल रोडपर्यंत येऊन चाळीखालून ओरडायची. आज जा, आज नको. आज अलीकडच्या खडपावर जा, टोकाकडे नको. वारा कुठला, पाणी किती वाजता फिरणार, सगळं. आम्ही गॅलरीतून हसायचो, "वेधशाळा आली गो!" पाणी कधी उतरणार हे मलाही कळायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, त्यात सहा तास इकडे किंवा तिकडे केले की ओहोटी. माझ्या आजीने ते मला बोटांच्या पेरांवर शिकवलं होतं. पण गोमू आणखी काही बघायची. वरळीच्या टोकाला पाण्याखाली खडकांची रांग आहे, तिच्यावर लाट फुटते. ती कुठे फुटते, रांगेच्या आत की बाहेर, ते ती बघायची. आणि एक लाट फुटल्यावर दुसरी फुटेपर्यंत स्वतःचे श्वास मोजायची. मला म्हणायची, "लाटा घाईनं आल्या तर भियाचं नाय. तो इथलाच वारा, इथंच मरतो. सावकाश आल्या तर भियाचं. त्या लांबून येतात. लांब कुठं तरी वादल असतं, इथं पान पन हलत नाय." मी ऐकायची आणि सोडून द्यायची. आम्ही मालवणची, पण खाडीकाठची माणसं. खाडीत पाणी चढतं आणि उतरतं, बस. तिथे लांबून काही येत नाही. पाण्याचं घड्याळ मला येत होतं, म्हणजे समुद्र येत होता, असं मला वाटायचं.

त्या वर्षी दिवाळीत माझी नणंद शेवंता गावाहून भाऊबिजेला आली. लग्नाला वर्षच झालं होतं तिच्या. ओवाळताना मालकांनी तिच्या ताटात सुपारी टाकली. दुसरं काही नव्हतं. शेवंता म्हणाली, "दादा, सुपारीच माका व्हयी होती," आणि हसली. मालक उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत जाणार होती. मी मनात ठरवलं, हिला कालवांचं सुकं करून घालायचं आणि मगच पाठवायची. दुसऱ्या दिवशी तृतीया होती. भरती सव्वादोनला, म्हणजे सकाळी सव्वाआठला खडप पुरतं उघडं. मी पेरांवर दोनदा मोजलं.

सकाळी नळाला पाणी आलं होतं, सगळ्या बायका मागच्या बाजूला. शेवंताही कळशी घेऊन तिथेच. मी एकटी गॅलरीत लुगडं झटकत होते. खालून गोमू ओरडली, "ए मालवनी! आज जाव नको खडपावर! टोकावर पानी फुगलंय! आयकलंस काय गो?"

मी हात केला. ती गेली.

वर बघितलं तर आभाळ स्वच्छ. वारा नव्हता. गॅलरीतले आकाशकंदील हलत नव्हते. मला वाटलं, कोळीण उगाच भिते. आणि शेवंता दुपारी जाणार होती. मी तिला म्हटलं, "चल गो." कळशी घेऊन परतताना तिच्या कानावर काही पडलं असावं, तिने विचारलंही, "वयनी, ती खाली कोण आराडत होती?" मी म्हटलं, "मासेवाली."

खडपावर आम्ही दोघीच होतो. पाणी सपाट. अर्धा डबा भरला. मग समोरचं पाणी एकदम मागे सरलं, कोणी ओढून घ्यावं तसं, आणि खाली आणखी खडप उघडं पडलं. तिथली कालवं हाताच्या तळव्याएवढी. इतकी वर्षं पाण्याखाली होती, कोणी हात लावला नव्हता. मला आनंद झाला. हे लिहायला हवं म्हणून लिहिते... मला आनंद झाला. मीच शेवंताला म्हटलं, "ती मोठी घे, पुढची." ती पुढे गेली, खाली वाकली. लाट आवाज न करता आली. एक, मग दुसरी, मग तिसरी. मी मागे होते, एका खडकाला धरलं, माझं ढोपर फुटलं. तिसरी ओसरल्यावर पुढे कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती दादरच्या बाजूला मिळाली.

मालकांनी मला एकच विचारलं, "गोमून काय सांगूक नाय?" मी म्हटलं, "नाही." तो एक शब्द मी विचार करून बोलले नाही. पण नंतर विचार करायला पुष्कळ वेळ होता, आणि तरी मी तो मागे घेतला नाही. चाळ म्हणाली, एरवी रोज बोंबलते आणि नेमकी त्या दिवशी दिवाळी करून झोपली. गोमू आली तेव्हा बायकांनी तिला जिन्यातच अडवलं. "तुज्या नादाक लागलो आणि पोर गेली!" ती सांगत होती, "मी आयलेली. हाक मारलेली." कोणी ऐकेना. मग ती वर माझ्या दारात आली. "मालवनी, तू हात केलेलास न?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मालक आत भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, "मी लुगडं झटकत होते. मला काही ऐकू आलं नाही."

ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने खाली बघितलं, जिन्याकडे, आणि म्हणाली, "मंग मी वर का नाय आली? तीन जिने तं व्हते."

महिनाभर ती आली नाही. पुढे एक दिवस आली आणि तेव्हापासून खालून कधी ओरडली नाही. बायका पुन्हा खडपावर जायला लागल्या होत्या, भूक कोणाला थांबवत नाही. गोमू प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारात जायची. सांगायची, आणि मग म्हणायची, "आता तू बोल, काय सांगितलं मी?" समोरचीने परत म्हणून दाखवल्याशिवाय दारातून हलायची नाही. ज्यांनी तिला शिव्या दिल्या होत्या त्यांच्याही दारात. गिरण्या सुरू झाल्या नाहीत, मालक वॉचमनच्या नोकरीला लागले, मुलं मोठी झाली, खडपावर जाणाऱ्या कमी होत होत दोघीच उरल्या, तरी ती जिने चढत होती. तिचे गुडघे गेले. डॉक्टरने विचारलं, कुठे राहता, किती मजले? ती म्हणाली, "मी तलमजल्याला ऱ्हाते. चढते दुसऱ्यांच्या घरी." हे तिने मला विनोद म्हणून सांगितलं. मीही हसले.

आणि आमची मैत्री... ती वाढलीच. मालक गेले तेव्हा बारा दिवस ती माझ्या घरात भात शिजवत होती. चाळ पाडली, मी इकडे मुलाकडे आले, तेव्हा तिने फोन सुरू केला. मी भाजी आणायलासुद्धा खाली उतरत नाही, पण तिने मला रोज सांगायचं, आज लाट रांगेच्या बाहेर फुटते, आज वारा दक्षिणेचा. आणि मग, "बोल, काय सांगितलं मी?" मी शाळेतल्या पोरीसारखी म्हणून दाखवायची. चाळीस वर्षं मला रोज सकाळी संधी होती. लोक म्हणतात सांगायचं राहून गेलं. माझं राहून गेलं नाही. मी रोज ठरवून सांगितलं नाही. आधी मालकांची भीती होती. ते गेल्यावर गोमूचीच भीती वाटायला लागली, की हिने फोन बंद केला तर?

शेवटचं भेटले ते गेल्या उन्हाळ्यात. सांगायचं म्हणूनच गेले होते. ती खिडकीत बसली होती, पाय तेल लावून पसरलेले. म्हणाली, "मालवनी, तुज्या चालीच्या जिन्यांनी खाल्ले बघ माजे पाय." मी चहा प्यायले आणि परत आले.

तेराव्यानंतर मी पुन्हा गेले. सकाळीच पोचले. सुलभाला आणि गोमूच्या मुलाला, महादेवला, समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. हात केला तेही, मोठी कालवं तेही. महादेव म्हणाला, "आई मध्ये एक रात्र तापात होती तेव्हा पण बडबडत होती, वर जाव पायजे व्हतं..." आणि उठून बाहेर गेला. सुलभाने मला पाणी दिलं नाही. बरं केलं. ती म्हणाली, "मावशी, हे आम्हाला सांगून काय? चाळीत सगळ्यांसमोर बोलला होतात ना?" बरोबर होतं तिचं. चाळ आता नाही, माणसं कुठे कुठे पांगली. म्हणून वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लिहिते आहे. त्यातलं जे कोणी हे वाचेल त्याने समजावं, गोमू त्या सकाळी आली होती. तिने हाक मारली होती आणि ती मला स्पष्ट ऐकू आली होती.

सुलभाच्या घरून मी उठणार तेवढ्यात दारात दोन बायका आल्या, हातात डबे आणि सळ्या. पलीकडच्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या. सुलभाला म्हणाल्या, "आज काय गो, जावं का?" सुलभा म्हणाली, "मी ऑफिसला जाते बाई, मला पाण्यातलं काय कळतं? आई होती तोवर ठीक." मी गोमूच्या खिडकीतून बघितलं. आता पलीकडे पूल आहे, भराव आहे, पण टोकाची रांग आहे तिथेच आहे. ऊन पडलं होतं. पाणी सपाट. रांगेच्या बाहेर एक लाट फुटली. मी श्वास मोजायला लागले. चार... पाच... दुसरी फुटली तेव्हा मी सहाव्या श्वासावर होते. एरवीच्या लाटेला दोन-तीन पुरतात.

मी म्हटलं, "जाऊ नका." धाकटी म्हणाली, "वारा कुठाय, आजी? आणि पाणी उतरतंय की." मी म्हटलं, "लांबून येतंय ते." तिने मान हलवली. "बरं बरं." आणि दुसरीकडे बघितलं.

ती मान मला ओळखू आली; मी केलेला हात तसाच होता. त्या जायला निघाल्या तशी मीही चप्पल घातली आणि त्यांच्या पुढे गेले. खडपावर उतरायला त्या बाजूने एकच अरुंद बोळ आहे, दोन घरांच्या मधला. त्याच्या तोंडाशी पायरीवर मी बसले, पाय आडवे पसरून. त्या आधी हसल्या, मग चिडल्या. धाकटी म्हणाली, "म्हातारीला वेड लागलंय." मोठी म्हणाली, "उठा हो, आमची वेळ जाते." महादेव लांबून बघत उभा होता, जवळ आला नाही. पाणी परत खडपावर चढेपर्यंत मी तिथून उठले नाही.