सेंट पीटरचं मुखदर्शन

उलरिकावहिनींची आणि माझी पहिली भेट आमच्या परळच्या चाळीच्या जिन्यात झाली. मी वर चाललो होतो, त्या खाली येत होत्या. सहा फूट उंचीची ती गोरी बाई माझ्यासमोर थांबली, काखेतला काचेचा एक पाय माझ्या हातात दिला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "धर. हलू नको." मग ती काहीतरी विसरलेलं आणायला परत वर गेली. मी हललो नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्या जिन्यावरून एक नवरी सासरी गेली, बाळंतपणाला माहेरी आली, बाळाचं बारसं झालं, बाळ शाळेत जाऊ लागलं, पालिकेच्या निवडणुका जाहीर होऊन पुढे ढकलल्या गेल्या, आणि मी आपला कुणा संताचा गुडघ्याखालचा भाग छातीशी धरून उभा. शेवटी तिचा नवरा विकास कामावरून आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हालाही दिला का?"

वहिनींचं घराणं जर्मनीतल्या एका लहान गावातलं, चर्चच्या रंगीत खिडक्या करणारं. आजोबांचा कारखाना, मग वडिलांचा. पोरीला अक्षर ओळखण्याआधी काच कापता येत होती. पण ती मोठी होईतो तिकडे देवाची गिऱ्हाइकं घटली. एका चर्चात व्यायामशाळा निघाली, दुसऱ्यात हॉटेल. कारखान्याला कुलूप लागलं. आजोबांनी केलेली एक खिडकी बोटीने मुंबईला गेली होती, एवढं घरात सांगत. ती बघायला म्हणून वहिनी वीस-बावीस वर्षांपूर्वी इथे आल्या. परळजवळच्या एका जुन्या चर्चमध्ये खिडकी सापडली: होडीत बसलेला सेंट पीटर. खिडकीशेजारी परांचीवर चौकटी दुरुस्त करणारा विकास सापडला. वहिनींनी खिडकीचं काम घेतलं आणि विकासलाही घेतलं. लग्न विहारात झालं. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले बारा प्रेषित. वहिनींची स्वतःची श्रद्धा फक्त काचा जोडणाऱ्या शिशावर आणि डाख देण्याच्या कावियावर.

यंदा मार्च महिन्यात कुणाच्या तरी वरातीतलं एक रॉकेट वाट चुकलं आणि थेट सेंट पीटरच्या तोंडात गेलं. बाकी खिडकी शाबूत. होडी, पाणी, अंगरखा, सगळं जिथल्या तिथे. फक्त मानेच्या वर परळचं आकाश.

चर्चचे फादर भला माणूस. ते म्हणाले, "जूनअखेर पीटरचा सण आहे. तोवर झालं तर उत्तम. नाही झालं तर कमिटीने विनाइलचा स्टिकर बघून ठेवलाय. साध्या काचेवर चिकटवला की झालं."

स्टिकर हा शब्द ऐकला आणि वहिनी तडक घरी आल्या. मग त्यांनी ट्रंकेच्या तळातून एक जुना बनियन काढला. त्यात वडिलांनी दिलेला काचेचा तुकडा होता, तळहाताहून थोडा मोठा, पिकत आलेल्या जर्दाळूच्या रंगाचा. माणसाच्या कातडीच्या या रंगाची काच करणारा कारखाना कधीच बंद पडला होता. तुकडा एकच. म्हणजे चेहराही एकच, आणि चुकायला जागा नाही.

वहिनी चेहरा रंगवत असताना दारात सोनूबाई आली. सोनूबाई म्हणजे वरळी कोळीवाड्यातून टोपली घेऊन येणारी आमची मासेवाली. तिने बोंबील मोजता मोजता विचारलं, "ह्यो कोन गो?"

"पीटर. मासे पकडायचा."

सोनूबाईने टोपली खाली ठेवली. "म्हंजे आमच्यातलाच हाय. मंग आदी सांगायचं ना. बिनतोंडाचा किती दिस बसवलास त्याला?"

त्या दिवसापासून पीटर तिचा भाऊबंद झाला. रोज येऊन ती त्याची चौकशी करी आणि त्याच्या नावाने दोन बोंबील जास्त टाकी.

रंग काचेवर पक्का व्हायला भट्टी लागते. वहिनींची भट्टी विजेची, वरून झाकणाची, तळमजल्यावरच्या त्यांच्या कामाच्या खोलीत. आणि आमच्या चाळीची वायरिंग अशी, की दोन घरांत एकदम इस्त्री लावली तर तिसऱ्या घरातला टीव्ही प्राण सोडतो. मधेच वीज गेली तर रंग अर्धवट शिजतो. धड चिकटत नाही, धड निघत नाही. म्हणून वहिनींनी प्रत्येक दार वाजवून सांगितलं: मंगळवारी सकाळपासून मी सांगेपर्यंत पंखा नाही, फ्रिज नाही, मिक्सर नाही.

महिना मे. सगळी चाळ गॅलरीत येऊन बसली, अंगावर पंचे, हातात वर्तमानपत्रांचे पंखे. विकास मीटरच्या फळ्याखाली स्टूल टाकून बसला. दुसऱ्या मजल्यावरच्या अजितने नुकताच एसी घेतला होता. तो तीनदा खाली आला.

"पाचच मिनिटं रे, विकास. खोली गार करतो न बंद करतो."

"अज्या, वर जाऊन बस."

"माझी आई वितळेल रे."

"तुझी आई इथे माझ्या बाजूला बसलीय. वारा घालतेय मला."

अर्ध्या दिवसात हसणं आटलं. भट्टीचा काटा चढत होता, पण फार हळू. वहिनी त्याच्यासमोरून उठल्या नाहीत. आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं. आमच्याकडे पाणी तासभर येतं. मोटर लावली तरच वरच्या टाकीत चढतं, नाहीतर उद्यापर्यंत तीन मजले कोरडे. तिसऱ्या मजल्यावरची सुभद्राकाकू मोटरच्या बटणावर हात ठेवून उभी राहिली. सगळे वहिनींच्या दाराकडे बघत होते.

"थांबा," आतून आवाज आला. "मोटर नको."

सुभद्राकाकूचा हात बटणावरच होता. मोटरने गेल्या महिन्यात दोनदा वीज घालवली होती. मग तिने पदर खोचला आणि म्हणाली, "बादल्या काढा." जिन्यात माणसांची रांग लागली. तळमजल्याच्या नळावरून बादली हातोहात तिसऱ्या मजल्यावर. सगळ्यांचे कान भट्टीच्या घरघरीकडे, ती थांबली की संपलं. शेवटच्या बादल्या वर चढत असताना वहिनी दारात आल्या, घामाने निथळत, आणि म्हणाल्या, "झालं. बंद केली."

पुढे त्या आणखी काही म्हणाल्या, की आता ती हळूहळू थंड व्हायला हवी, उद्या सकाळपर्यंत झाकण उघडायचं नाही. पण "झालं" म्हटल्याबरोबर चाळीतले सगळे पंखे एकदम सुरू झाले होते. पुढचं फारसं कुणी ऐकलं नाही. वहिनी आंघोळीला गेल्या.

आमच्या लालबाग-परळात मुखदर्शन ही फार मानाची गोष्ट. मूर्तीचा चेहरा पूर्ण झाला की तो आधी कोण बघतो यावरून इथे भाऊ भावाशी बोलेनासा होतो. सोनूबाई तिन्हीसांजेच्या आत आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात नारळ आणि अबोलीची वेणी. पीटर आमच्यातला, तेव्हा पहिलं दर्शन कोळणीचं, यात तिला विचारण्यासारखं काही वाटलं नाही. भट्टी बंद, खोली रिकामी. तिने पदर हाताला गुंडाळला आणि झाकण चार बोटं उचललं.

टिक.

बांगडी पिचल्यासारखा आवाज. गॅलरीतल्या आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला.

वहिनी ओल्या केसांनी धावत आल्या. त्यांनी सोनूबाईच्या हातातून झाकण काढून घेतलं आणि जागेवर ठेवलं.

"काय झालं गो बाय?"

"उद्या कळेल."

"आता बग ना."

"आता उघडलं तर आणखी फुटेल. उद्या."

सोनूबाई नारळ मांडीवर घेऊन उंबऱ्याबाहेर बसली. विकासने तिला हाताला धरून शेवटच्या बसमध्ये बसवलं. सकाळी दूधवाल्याच्या आधी ती परत हजर होती, टोपली न घेता.

वहिनींनी झाकण काढलं. तडा कपाळापासून निघून नाकाच्या कडेने दाढीत उतरला होता. चेहऱ्याचे दोन तुकडे.

"मीच मारलं त्याला," सोनूबाई म्हणाली.

वहिनींनी दोन्ही तुकडे उजेडात धरले. रंग पक्का बसला होता. मग त्यांनी शिशाची बारीकातली बारीक पट्टी घेतली, दोन तुकड्यांमध्ये बसवली आणि डाख दिला. "लढाईत फुटलेल्या खिडक्या बाबांनी अशाच जोडल्या," एवढंच बोलल्या.

सोनूबाईने जवळ जाऊन पाहिलं. "माज्या भावाला गळ लागलेला तोंडावर. डिट्टो. आता खरा कोळी दिसतो."

"गप्प बस, सोनूबाई."

कमिटीपुढे चेहरा ठेवला तेव्हा एक गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, "तोंडावर ही रेघ?"

"दुरुस्ती," वहिनी म्हणाल्या.

"स्टिकरला रेघ नसते."

"स्टिकरला तोंड नसतं."

फादरनी आधी त्या गृहस्थांकडे, मग वहिनींकडे पाहिलं, चेहरा उचलून दिव्यासमोर धरला, आणि परांची बांधायला सांगितली.

सणाच्या दिवशी सगळी चाळ चर्चमध्ये गेली. अजित आईला घेऊन आला. सुभद्राकाकूने पैठणी नेसली. सोनूबाईने पिशवीतून नारळ आणला होता, तो फादरनी दाराशी ठेवून घेतला. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या.

ती खिडकी जमिनीपासून चार मजले उंचावर आहे. खालून तडा दिसत नाही. चेहराही दिसत नाही.