पाणी पिणारा रस्ता बघायला गुडगावला

आमच्या सांगलीतल्या गल्लीत पावसाळ्यात गटारं तुंबतात, हे मी दत्तामामाला फोनवर सांगत होते. तो म्हणाला, इकडे येऊन आमचा रस्ता बघ, पाणी थांबतच नाही. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. मुलगी शिल्पा गुडगावात नोकरीला, म्हणून तो आणि मामी तिच्याकडेच तळमजल्यावर राहतात. ऑगस्टमध्ये आठवड्याची रजा टाकून मी निघाले.

मिरजेहून निजामुद्दीन म्हणजे दीड दिवस. स्टेशनला लागूनच मेट्रो आहे. आयएनएला गाडी बदलली की थेट गुडगाव. पुढे शेअर ई-रिक्षा, माणशी वीस रुपये. बाहेर मटर-कुलच्याच्या गाडीवर पोटभर खाऊन घ्या, कारण नव्या सेक्टरांमध्ये काचेच्या इमारती भरपूर आणि टपरी औषधालाही नाही.

संध्याकाळी मामाने घरासमोरचा रस्ता दाखवला. फुटपाथच्या कडेच्या दगडांत जागोजागी फटी ठेवलेल्या, रस्त्यावरचं पाणी त्यातून एका उथळ चरात उतरणारं. चरात खाली खडी, वर वाळू-माती, त्यात कर्दळ आणि उंच गवत. चार वर्षांपूर्वी एका संस्थेने हे नमुना म्हणून केलं आणि पुढे कुणी फिरकलं नाही. तेव्हापासून मामाच रोज खुरपं घेऊन कचरा काढायचा. केवढाही पाऊस झाला तरी काही तासांत चर कोरडा, असं तो सांगत होता. मी भराभर फोटो काढले, मापंसुद्धा घेतली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी जेसीबी आला. चर बुजवून वर टाइल्स बसवायच्या होत्या, गाड्या लावायला. मामा चपला न घालताच बाहेर गेला, मी मागोमाग. ठेकेदार अदबीने बोलला. "अंकलजी, सबके साइन हैं," म्हणत त्याने कागद पुढे केला. मामाने चष्मा लावून नावं वाचली. आठवी सही शिल्पाची होती.

घरात आल्यावर त्याने तिला एवढंच विचारलं, मला सांगायचं तरी. शिल्पा बाळाला भरवत होती. गेल्या वर्षी बाळाला डेंग्यू झाला होता. मामाने तेव्हाच समजावलं होतं, की डास चरात नाही, गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत होतात.

"बाबा, तुमचं खरं असेल," ती म्हणाली. "पण तो हॉस्पिटलचा आठवडा मला परत नको. मी कसलीच रिस्क घेणार नाही."

मामाने मान हलवली. बाहेर कर्दळी मुळासकट ट्रॉलीत पडत होत्या. मामी म्हणाली, दोन कंद तरी आणून लावू. तो नको म्हणाला.

टाइल्स दोन दिवसांत बसल्या. चौथ्या दिवशी तासभर पाऊस कोसळला. रस्त्यावरचं पाणी फाटकातून आत आलं आणि बघता बघता हॉलमध्ये शिरलं. शिल्पा बादलीने उपसत होती, मामा सतरंजीचं टोक धरून उभा होता. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. तो एकदा जरी "बघ" म्हणाला असता, तर तिला रडता आलं असतं असं मला वाटलं.

तिथे काय बघण्यासारखं आहे, असं परतल्यावर बरेच जण विचारतात. त्या रस्त्यावर आता काही नाही. माझ्याकडे फोटो आणि मापं आहेत, पण ती गल्लीतल्या कुणाला दाखवायला मन धजत नाही. कर्दळ लावता येईल. चार वर्षं रोज खुरपं घेऊन बसणारा माणूस कुठून आणायचा, आणि मिळालाच तर त्याचं पुढे काय होतं, तेही मी पाहिलंय.

काल मामीचा फोन होता. टाइल्सवर आठ-आठ दिवस पाणी साचून राहतं, घरात मच्छर खूप वाढलेत, म्हणाली. बाळाच्या मच्छरदाणीत दोन सापडले, तेव्हा शिल्पाने मामाला विचारलं, बाबा, आधी हे पाणी कुठे जायचं?

"मग मामा काय म्हणाला?"

"अगं," मामी म्हणाली, "उठून कुंड्यांखालच्या ताटल्या पालथ्या करून आले."