देवाला दिलेली मुदत

गोहुंगच्या किनाऱ्यावर कालवं फोडणाऱ्या बायकांत जोम्रयेचा हात सगळ्यांत चपळ होता आणि तोंड त्याहून चपळ. तिचा नवरा पान्सू आठ महिन्यांपूर्वी होडीतच कोसळला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. तेव्हा जोम्रयेनं देवाला मुदत दिली: शरदातल्या पौर्णिमेच्या सणापर्यंत यांना उभं कर, नाहीतर तुझं-माझं संपलं.

सण आला आणि गेला. पान्सू अंथरुणातच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती चर्चमध्ये गेली, देवाला शेवटचं सुनावायला. तिथं सगळ्यांनी एकदम मोठ्यानं आपापली प्रार्थना करायची पद्धत. त्या गलक्यात कुणाचं कुणाला कळत नाही, म्हणून तर माणसं मन मोकळं करतात. पास्टर ब्यॉन यांनी टेबलावरची घंटी वाजवली की सगळ्यांनी गप्प व्हायचं. पण तीस वर्षं नवऱ्याच्या होडीत इंजिनाला खेटून बसल्यानं जोम्रयेचे कान अर्धे कामातून गेलेले, आणि त्या दिवशी संतापानं डोळेही गच्च मिटलेले. घंटी वाजली. साठ माणसं गप्प झाली. जोम्रये चालूच.

"आठ महिने मी एकटी बडबडतेय आणि तू आपला मूग गिळून बसलायस! मालसूनच्या नवऱ्याचे पाय बघ कसे ठणठणीत. जातो कुठे त्या पायांनी? दारूच्या दुकानात! आणि माझा माणूस पडून! तुला जमत नसेल तर तसं सांग, मी डोंगराखालच्या मांत्रिकिणीकडे जाते!"

"जा की!" शेजारी बसलेली मालसून कडाडली. "आमच्या ह्यांचे पाय का मोजतेस?"

जोम्रयेनं डोळे उघडले. साठ तोंडं तिच्याकडे वळलेली. ती उठली आणि चपला हातात घेऊन घरी पळाली.

पुढे चार दिवस ती चर्चकडे फिरकली नाही. देवाशी भांडण नाही, नवऱ्याशी बोलणं नाही, आणि मांत्रिकिणीकडेही पाऊल वळेना. पाचव्या दिवशी पास्टर स्वतःच घरी आले. बिचारे तिशीतले, घामाघूम झालेले.

"ताई, देवाशी भांडणं काही पाप नाही," ते म्हणाले. "पवित्र शास्त्रातला आपला याकोब तर रात्रभर देवाशी झुंजला. आशीर्वाद मिळेपर्यंत सोडलं नाही त्यानं."

"मग? मिळाला?"

"मिळाला तर! म्हणजे… मांडीचा सांधा निखळला, लंगडत गेला तो. पण मिळाला."

"म्हणजे त्याचाही पाय गेला?" जोम्रये उसळली. "अहो पास्टरसाहेब, हे सांगायला आलात माझ्या घरी?"

भिंतीकडून विचित्र आवाज आला. जोम्रयेला वाटलं, नवऱ्याला उबळ आली. धावत जाऊन पाहते तो पान्सू हसत होता. अर्ध्याच तोंडानं, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो भिंत सोडून तिच्याकडे वळला होता.

"हसताय काय?" ती ओरडली, आणि तिलाच हुंदका आला.

"अगं, जा उद्या," तो अडखळत म्हणाला. "भांड. तू गप्प बसलीस की… भीती वाटते मला." मग धापा टाकत त्यानं देवाला द्यायचा एक निरोप सांगितला. पान्सू उभ्या जन्मात चर्चची पायरी चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जोम्रये पहिल्या रांगेत बसली. मालसूननं नाक मुरडलं, पण सरकून जागा दिली. गलका सुरू झाला.

"उठवलं नाहीस ते नाहीसच," जोम्रये म्हणाली. "माझा राग गेलेला नाही. उद्याही येणार आहे, परवाही येणार आहे. आज यांचा निरोप तेवढा ऐकून घे. म्हणाले, हिचं मी बेचाळीस वर्षं ऐकून घेतलं. आता मला दम लागतो. थोडं तूही ऐकत जा."