पिवळाधमक हुक

आमच्या मजल्यावरच्या ताईने आईच्या घराच्या वाटणीचा राग काढला आणि धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची क्रेन बंद पाडली, ही बातमी मला इस्त्रीवाल्याने दिली. त्याच्याकडे कपड्यांपेक्षा बातम्या कडक मिळतात. पण यातली वाटणी साफ खोटी. ते घर ताईने केव्हाच बहिणीला देऊन टाकलंय. क्रेन मात्र खरंच थांबली, कारण ती थांबताना मी गॅलरीत चहा पीत होतो.

ताई क्रेन, साखळ्या, ओझं उचलणारी यंत्रं तपासते. डिप्लोमा करून कारखान्यात लागली तेव्हा तिला तारेच्या दोरांना ग्रीस फासायला बसवलं होतं. ‘चार दिवसांत पळेल’ म्हणणारेच पळाले आणि ताई परीक्षा देऊन निरीक्षक झाली. तेव्हापासून चकचकीत काही दिसलं की हिच्या कपाळाला आठी. आमच्या लिफ्टला नवा रंग दिला, तर बाई कितीतरी दिवस जिन्याने. मी केस काळे केले तेव्हा माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी टोपीच घातली.

धाकटीच्या नवऱ्याची, म्हणजे भावोजींची, एकच क्रेन. चालवायला माणूस आहे, पण खाली उभं राहून ओझ्याला दिशा देणारे ते स्वतः. मोठं काम मिळायच्या आधी सरकारी तपासणी होणार होती, म्हणून आदल्या दिवशी क्रेन घेऊन ते आमच्या मागच्या मैदानात हजर.

“ताई, एकदा घरच्या नजरेने बघा. उद्या नापास झालो तर काम दुसऱ्याच्या घशात.”

तिला बरं वाटावं म्हणून हुक पिवळाधमक रंगवून आणला होता. तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

ताईने तारेच्या दोरावरून फडकं फिरवलं; एखादी तार तुटून वर आली असेल तर फडकं अडकतं. अडकलं नाही. मग ती हुकापाशी थबकली.

“रंग कधी दिला?”

“कालच. शोभतो ना?”

“नवरदेवाला शोभतो. तारेचा ब्रश आणा.”

भावोजींचा चेहरा उतरला. मला वाटलं, या गृहस्थांना खाली काय आहे ते ठाऊक आहे. लगेच वाटलं, छे, हिलाच काहीतरी सापडायला हवंय. संशय हा साथीचा रोग. गॅलरीत बसलेल्यालाही लागतो.

रंग निघाला. हुकाच्या वाकणात वेल्डिंगची जाड रेघ.

“तडकलेला हुक बदलायचा असतो, भावोजी, जोडायचा नसतो. कुणी केलं हे?”

“शपथ, मी नाही. क्रेन जुनी घेतली, तेव्हाचंच असणार. वर्षभर उचलतोय की.”

“वर्षभर तुमचं नशीब उचलत होतं.”

भावोजींनी आवाज खाली आणला. मी कठड्यावरून जरा पुढे वाकलो. “परत रंग मारतो. उद्याचा साहेब काही खरवडणार नाही.”

“खरवडेल. मी त्याला फोन करतेय.”

नवा हुक येईपर्यंत क्रेन मैदानातच राहिली, आणि काम गेलं दुसऱ्याच्या घशात. संध्याकाळी धाकटी तणतणत आली. ताईचं दार सताड उघडं, माझं किलकिलं.

“जगावर संशय घेतेस तो घे. पण माझ्या नवऱ्यावर?”

ताई म्हणाली, “माझा संशय हुकावर आहे गं. आणि त्याच्याखाली रोज तुझाच नवरा उभा राहतो.”