सदरहू पॅडचा निर्वेध वापर

मी आयुष्यभर जे काही लिहिलं, त्यातलं लोकांनी मन लावून वाचलेलं लिखाण एकच आहे, आणि ते सॅनिटरी पॅडच्या पाकिटावर छापलेलं आहे.

महाडच्या कोर्टाबाहेर बसून मी जन्मभर दस्त लिहिले. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मुखत्यारपत्रं, हक्कसोडपत्रं. दस्त कोणी वाचत नाही. माणसं येतात, अंगठा कुठे लावायचा एवढंच विचारतात आणि चहा पिऊन जातात. त्यामुळे माझ्या भाषेबद्दल मला कधी कोणी चांगलं म्हणालं नाही की वाईट. काम सोडलं तेव्हा गुडघे गेले होते, डोळे चालले होते, आणि आता कोणासाठी एक ओळही लिहावी लागणार नाही अशी माझी समजूत होती. (लग्न झालेल्या माणसाने अशा समजुती करून घेऊ नयेत.)

माझी बायको सुशीला. तिचं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावरच्या एका वाडीत. तिथल्या बायकांचा बचत गट तिने उभा केला, शिवणयंत्रं मिळवली आणि भावाच्या, म्हणजे तुकारामच्या पडवीत कापडी पॅड शिवायला सुरुवात केली. पॅड खरोखरच चांगलं होतं. मी अधिकाराने सांगू शकत नाही, पण एकदा न कळून मी त्यानेच चष्मा पुसला होता आणि काच लख्ख झाली होती. (त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे देत नाही.) पाकीट मात्र छापखान्यात तयार मिळत होतं तेच घेतलेलं. गुलाबी रंग, केसांत गजरा माळलेली एक हसरी बाई, आणि खाली 'प्रत्येक स्त्रीची खरी मैत्रीण'. पाळीत इतकं हसणारी बाई आपण जन्मात पाहिली नाही, असं सुशीला म्हणायची, पण पाकीट चाललं होतं.

चाललं होतं ते मनूचा फोन येईपर्यंत.

मनू म्हणजे तुकारामचं एकुलतं एक मूल. घरात जन्मापासून सगळे मनूच म्हणायचे, त्यामुळे मनीषाचा मनीष झाला तेव्हा हाक मारणाऱ्यांची फारशी अडचण झाली नाही. अडचण बापाची झाली. मनू पनवेलला नोकरीला लागला, केस कापले, शर्ट-पँट घालून एकदा वाडीत आला आणि म्हणाला, आबा, मी आता असाच राहणार. तुकाराम म्हशीला पाणी दाखवायला म्हणून उठला तो दिवस मावळल्यावर परत आला. त्याने मारलं नाही, शिवी दिली नाही, ये म्हणाला नाही आणि जा म्हणाला नाही. त्यानंतर मनू वाडीत आला नव्हता. आत्याला तेवढा फोन करायचा.

अशाच एका फोनवर तो आत्याला म्हणाला, "आत्या, पॅड तुझं झकास हाय गो. पन मी पोरांसंगं खोली करून रातो. ती गुलाबी बाई बॅगेतनं डोकावली का मेल्याहून मेल्यासारखं व्हतं मला. मग पॅड काढून पेपरात गुंडालतो नि पाकीट लांब नेऊन टाकतो."

त्या दिवशी सुशीला जेवली नाही. ज्या घराच्या पडवीत हे शिवलं जातं त्या घरच्या लेकरालाच ते लपवावं लागतं, हे तिच्या घशाखाली उतरेना. पाकीट बदलायचं आणि तेही मे महिन्यातल्या पूजेच्या आत, असं तिने जाहीर केलं. मे महिन्यात वाडीतले सगळे मुंबईकर येतात आणि मंडळाची सत्यनारायणाची पूजा होते. मनूलाही तिने यायला सांगितलं. आधी पाकीट बघतो, मग ठरवतो, असं मनू फोनवर हसत म्हणाला. पण ते हसणं काही खरं नव्हतं, हे मलासुद्धा कळलं.

"तुम्ही लिहा," सुशीला मला म्हणाली. "लोकांच्या जमिनी लिहीत जन्म गेला, आता घरच्या पोरासाठी दोन ओळी लिहा. बाई-बुवा काही नको. ज्याला पाळी येते त्याच्यासाठी, एवढंच."

आता हे 'एवढंच' म्हणजे काय? दस्त लिहिणाऱ्या माणसाला 'एवढंच' या शब्दाची धडकी भरते. एवढंच लिहिलेल्या कागदांवर तीन-तीन पिढ्या कोर्टात खेटे घालताना मी पाहिल्या आहेत. ज्याला म्हणजे कोणाला? अठराच्या आतल्या अज्ञान मुलांचं काय? कोणी उद्या उठून, हे माझ्यासाठी नाही असं म्हणालं तर? किंवा त्याच्या घरचे म्हणाले तर? एकदा सगळ्यांना धरायचं म्हटलं की नीट धरायला हवं, कोणी सुटता कामा नये. सावित्री नदीकडून वारा येईल या आशेने मी ओटीवर बसलो. वारा आला नाही. सुशीला वाडीत गेली होती, तिथे फोन लागायचा तर टेकडीवरच्या जांभळाखाली जावं लागतं, आणि छापखानेवाला मात्र तासातासाला मजकूर मागत होता. मला घाम येत होता, कंटाळा आला होता. शेवटी जसं येतं तसं लिहिलं आणि देऊन टाकलं.

पूजेच्या दिवशी पाकिटांची खोकी घेऊन मी पोलादपूरहून जीप केली. जीप जिथे थांबते तिथून पुढे चढण आहे. ती चढण चढताना मी माझ्या सगळ्या सासुरवाडीला मनातल्या मनात हक्कसोडपत्र लिहून दिलं. वर पोचलो तर मांडवात पोथी सुरू व्हायची होती, आणि मागे, मुंबईच्या पोरांच्या घोळक्यापासून जरा बाजूला, मनू उभा होता! पाकीट न बघताच आला होता. तुकाराम चुलाणापाशी भात बघत होता. तो भात एवढा बघण्यासारखा नव्हता, पण मान वर केली असती तर मनू दिसला असता.

सुशीलाने खोकं उघडलं. पाकीट पांढरं, साधं, बाई गेलेली. तिचा चेहरा खुलला. मग तिने पाकीट उलटं केलं, कारण मजकूर पुढच्या बाजूला मावला नव्हता.

"हे काय लिहिलंत?"

"तू म्हणालीस तेच. जरा पक्कं करून."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला लग्नापासून ओळखीची आहे. पण बोलायला तिला वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात मंडळाच्या सेक्रेटरीने माईक हातात घेतला.

आमच्याकडच्या पूजेत देवापेक्षा माईकला जास्त काम असतं. कोणी पंखा दिला, कोणी खुर्च्या दिल्या, कोणी घड्याळ दिलं, सगळं वाचून दाखवतात. वस्तूवर जे जे लिहिलेलं असेल ते सगळं वाचायचं, नाहीतर देणारा रागावतो. सेक्रेटरी मुंबईत नोकरीला, आणि स्वतःच्या आवाजावर त्याचा फार जीव. "नेक्स्ट, बचत गटाकडून एक खोका सप्रेम भेट," असं म्हणत त्याने पाकीट उचललं आणि आत काय आहे ते न बघता खणखणीत आवाजात सुरुवात केली:

"सदरहू पॅड वापरणार व्यक्ती, मग ती स्त्री असो, पुरुष असो अथवा अन्य कोणी असो, सज्ञान असो वा अज्ञान असो, तिला मासिक पाळी येईल त्या दिवसापासून सदरहू पॅडचा निर्वेध वापर व वहिवाट करण्यास ती पूर्ण मुखत्यार राहील. त्यास तिचे आईबाप, भाऊबंद, वालीवारस वा अन्य हितसंबंधी यांची कोणत्याही प्रकारची हिल्लाहरकत चालणार नाही. सबब हे पाकीट राजीखुशीने व अक्कलहुशारीने..."

"थांब रे," धोंडूबाबा म्हणाले.

धोंडूबाबा म्हणजे गावकीचे कारभारी. कानाने अधू, पण 'वहिवाट', 'वारस' आणि 'भाऊबंद' हे शब्द त्यांना दोन डोंगर पलीकडूनही ऐकू येतात. त्याला कारण होतं. मागे एका बाहेरच्या माणसाने कोणालाही न वाचून दाखवता खरेदीखत केलं आणि त्यात वाडीची झऱ्याकडची पायवाट गेली. तेव्हापासून गावकीचा नियमच झाला आहे: कागद कोणाचाही असो, तो सगळ्यांसमोर वाचायचा आणि घरागणिक हरकत विचारायची. हरकत नाही असं प्रत्येक घराने तोंडाने सांगितल्याशिवाय कागद पुढे जात नाही.

"कोनाची वहिवाट?" बाबांनी विचारलं. "कोनची जमीन गेली?"

झालं! अर्धा मांडव उभा राहिला. कोणीतरी सातबारा आणायला घराकडे पळालं. एका म्हाताऱ्याने, आपण कसलाही अंगठा दिलेला नाही, असं देवाकडे हात करून सांगितलं. भटजी हातात पळी तशीच धरून बसले. आणि मग हळूहळू सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, कारण असली भाषा त्या पंचक्रोशीत दुसरं कोणी लिहीत नाही.

"दाजी," धोंडूबाबा म्हणाले, "ह्यो तुमचा कागद दिसतो."

माईक माझ्या हातात आला. मी तुम्हाला खरं सांगतो, इतकी वर्षं संसार केला पण 'पाळी' हा शब्द मी मोठ्याने कधी उच्चारला नव्हता. आमच्या घरी 'कावळा शिवला' म्हणत, आणि तेही बायका म्हणत. आता सत्यनारायणासमोर, भटजींच्या देखत, कर्ण्यातून! सुशीलाकडे पाहिलं तर ती खोक्यात तोंड घालून बसली होती. मी घसा खाकरला. ही जमीन नाही, असं सांगितलं. हे बायकांचं, असं म्हणालो आणि माझी नजर मनूवर गेली. त्याने मान खाली घातली होती आणि तो निघायच्या बेतात चपला शोधत होता.

"बायकांचं नव्हे," मी म्हणालो. "ज्याला पाळी येते त्याच्यासाठी. एवढंच."

समोरच्या डोंगरावरून 'एवढंच' परत आलं.

धोंडूबाबांनी विचार केला. जमीन नाही ना, याची खात्री करून घेतली. वारसाची भानगड नाही ना, हेही विचारून घेतलं. मग हरकतीचं का लिहिलं, असं त्यांनी विचारल्यावर मात्र, सवयीने लिहिलं, एवढंच मी सांगितलं.

"लिवलंय तर इचाराय पायजे," बाबा म्हणाले. नियम म्हणजे नियम. "आईबाप पयले लिवलेत. तुकाराम, पडवी तुजी, पोर तुजं. तुजी हरकत हाय काय?"

तुकाराम चुलाणापासून उठला. हातात झारा होता, तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. त्याने धोंडूबाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग सगळ्यात शेवटी, इतक्या दिवसांनी, मनूकडे. मला वाटलं, हा आता परत म्हशीला पाणी दाखवायला जाणार.

"नाय," तो म्हणाला. "माजी कसलीच हरकत नाय." आणि पानांची तयारी करणाऱ्या बायकांकडे वळून त्याने विचारलं, "माज्या पोराला कोनी पान मांडलं काय?"

मला रडू आलं. ते मी लपवलंही नाही, कारण माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. सुशीला खोक्यातून तोंड बाहेर काढून हुंदके देत होती आणि शेजारणीला, मिरचीचा ठसका लागला, असं सांगत होती. मनूच्या एका पायात चप्पल होती, ती काढायची राहून गेली.

पुढे धोंडूबाबांनी एकेका घराला हरकत विचारलीच. एक घर सोडलं नाही. प्रत्येकजण उभा राहून नाय म्हणाला. एकाने, नाय, पण दोन पाकिटं इकडे द्या, सून आणि लेक दोघी आहेत, असं माईकवर येऊन सांगितलं. पूजा आटपेपर्यंत शिरा थंडगार झाला आणि भटजी माझ्याशी न बोलता उतरून गेले.

पंगतीत मनू बापाशेजारी बसला होता. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते, पण तुकाराम त्याच्या पानात न विचारता भात वाढत होता आणि मनू नको न म्हणता खात होता. मी समोर बसलो. आज आपल्या लेखणीने एक मोडलेलं घर सांधलं, या विचाराने माझी छाती थोडी फुगली होती. कोणी म्हणेना म्हणून शेवटी मीच विषय काढला आणि मनूला विचारलं, पाकीट कसं वाटलं?

मनूने ते खिशातून काढलं. उघड्यावर, सगळ्यांसमोर काढलं. पोरगा मोठा गुणाचा, मोठ्यांचं मन मोडायचं त्याच्या जिवावर येतं. त्याने ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि जपून म्हणाला:

"काका, बाकी सगलं बेस हाय. फकस्त वाचून व्हईस्तवर पाळी संपते."